समुद्राच्या तळाशी लढाई नसते, उचलाउचली असते

कोल्हापुरात पाणबुडीचा विषय निघाला की गाडी थेट टॉर्पेडो आणि मिसाईलवर जाते, आणि कट्ट्यावर कुणीतरी ठामपणे सांगतोच की जेवढी खोल जाणार तेवढी भारी. पण लढाऊ पाणबुड्या फार खोल जातच नाहीत, साधारण ३०० ते ५०० मीटर, बास. त्याच्या दहापट खोल जाणारी जी वाहनं आहेत त्यांच्यावर शस्त्र नसतं, स्पीड म्हणाल तर माणूस चालतो तेवढा, आणि तरी अमेरिका, रशिया, चीन त्यावर वारेमाप पैसा ओततात. कारण तिथं खाली भांडण एकच, पाण्यात पडलेलं सामान आधी कुणाच्या हाताला लागणार.

१९६६ चं घ्या. जानेवारीत स्पेनच्या पालोमारेस गावावर अमेरिकेचं बी-५२ हे बॉम्बर विमान हवेत इंधन भरताना टँकर विमानाला धडकलं आणि चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. तीन जमिनीवर सापडले, चौथा समुद्रात. एवढी मोठी नेव्ही शोधायला उतरली पण बॉम्ब नेमका कुठं पडला हे पाहिलं होतं फ्रान्सिस्को सिमो नावाच्या एका मच्छीमारानं, त्यानं दाखवलेल्या भागात ‘ॲल्विन’ ही छोटी पाणबुडी माणसं घेऊन खाली गेली आणि मार्चमध्ये बॉम्ब दिसला. वर ओढताना दोर तुटला, बॉम्ब घसरत आणखी खोल गेला, परत शोधला, मग कर्व्ह नावाचा रिमोटवरचा रोबोट पाठवला तर तोच बॉम्बच्या पॅराशूटमध्ये गुरफटला. शेवटी ७ एप्रिलला सुमारे ८७० मीटरवरून रोबोट आणि बॉम्ब दोघांना एकत्रच वर खेचलं. नाद खुळा कारभार!

यात उचलण्यापेक्षा शोधणं जास्त अवघड असतं हे लक्षात घ्या. पाण्यात रेडिओ चालत नाही, जीपीएस नाही, उजेड नाही, सगळी भिस्त आवाजावर म्हणजे सोनारवर, आणि कॅमेऱ्याला जेमतेम काही मीटर दिसतं. त्यात दाब. दर १० मीटरला जमिनीवरच्या हवेएवढा दाब आणखी वाढतो, म्हणजे ६,००० मीटरवर चौरस सेंटीमीटरला ६०० किलो, साखरेची ५० किलोची १२ पोती अंगठ्याच्या नखावर ठेवल्यासारखं. म्हणून माणसं बसायची जागा गोल करतात, गोळ्यावर दाब सगळीकडून सारखा पडतो. तीन माणसांना ६,००० मीटर खाली न्यायला बनवत असलेल्या आपल्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीचा गोळा टायटॅनियमचा आहे, जाडी ८० मिलीमीटर, आणि इस्रोनं तो इलेक्ट्रॉन बीमनं वेल्ड केला. शिरोली आणि उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांना वेगळं सांगायला नको, ओतकामात राहिलेली एक हवेची पोकळी (ब्लो होल) किंवा वेल्डमधली बारीक भेग म्हणजे इथं जॉब रिजेक्ट, तिथं आतली तिन्ही माणसं गेली.

मला सगळ्यात आवडणारा किस्सा मात्र १९७२ चा आहे. अमेरिकेच्या हेक्सॅगॉन हेरगिरी उपग्रहानं खाली टाकलेली फोटोंच्या फिल्मची कॅप्सूल पॅराशूट नीट न चालल्यानं पॅसिफिकमध्ये बुडाली होती, ती ‘ट्रिएस्ट २’ या माणसं नेणाऱ्या पाणबुडीनं जवळपास ५,००० मीटरवर जाऊन धरली. वर येता येता फिल्मचे तुकडे झाले, हाती फारसं काही लागलं नाही. पण रशियाच्या हातीही लागलं नाही ना, अर्धं काम झालं.

हेच २०२२ ला परत. साउथ चायना सी मध्ये अमेरिकेचं एफ-३५ लढाऊ विमान कार्ल व्हिन्सन या विमानवाहू जहाजावरून पाण्यात गेलं, त्याचं तंत्रज्ञान चीनला मिळू नये म्हणून सुमारे ३,८०० मीटरवरून पाच-सहा आठवड्यांत बाहेर काढलं, आणि ते काढणाऱ्या रोबोटचं नाव कर्व्ह-२१, म्हणजे त्या पालोमारेसवाल्याचाच वंशज.

आणि ही कामं उघडपणे कोण सांगतंय? सोव्हिएत पाणबुडी के-१२९ उचलायला १९७४ मध्ये सीआयएनं ग्लोमार एक्स्प्लोरर पाठवलं तेव्हा जगाला सांगितलं की आम्ही समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे, म्हणजे धातूंचे खडे, काढतोय. (पाणबुडी वर येताना तुटली, बराचसा भाग परत खाली गेला.) १९८५ ला टायटॅनिक सापडलं त्या मोहिमेचा पैसाही अमेरिकन नेव्हीचा, मोहिमेवरच्या रॉबर्ट बॅलार्ड या समुद्रशास्त्रज्ञाला आधी थ्रेशर आणि स्कॉर्पियन या बुडालेल्या अणुपाणबुड्यांचे अवशेष बघायचे होते, टायटॅनिक उरलेल्या दिवसांत. आता त्यात इंटरनेटच्या केबल आल्या, देशादेशातला जवळपास सगळा डेटा तळावरच्या वायरींतून जातो, तिथं पोचणारा त्या वायरी तोडू पण शकतो.

आपल्याकडे नेव्हीचं बचाव वाहन, डीएसआरव्ही, ६५० मीटरपर्यंत जातं. त्याखालचं काम जमेल ते मत्स्यला, आणि ते पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं, कारण तेच, मँगनीजचे गोळे वगैरे. आपल्या बाबतीत ते खरंच आहे, मध्य हिंद महासागरात भारताला त्यासाठी ७५,००० चौरस किलोमीटरचा भाग मिळालाय. पण सरावासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ‘नॉटील’ पाणबुडीतून जे दोन भारतीय खाली गेले त्यातला ५,००० मीटरपर्यंत पोचलेला रिटायर्ड नेव्ही कमांडर होता, आणि मला त्यात वावगं काही वाटत नाही, गोळे उचलणारा हात पडलेलं मिसाईल पण उचलेल. अडचण दुसरीच आहे. असं वाहन सोडायला वर मोठं जहाज लागतं, ते दिवसेंदिवस एकाच जागी उभं राहतं, आणि ते कुठं उभं आहे हे शत्रूच्या उपग्रहाला आरामात दिसतं.