यॉर्कटाउनच्या विजयामागचा स्पॅनिश पैसा

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की आपल्याला बॉस्टनचा चहा, वॉशिंग्टन आणि मदतीला धावून आलेला फ्रान्स एवढंच आठवतं, स्पेनचं नाव आलंच तर एखाद्या ओळीत. हे मला खरंच खटकतं, कारण १७८१ च्या ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला (तोच, जो १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला) त्या मोहिमेसाठी रोख रक्कम आली होती क्युबातल्या हवानाहून.

थोडं मागे जावं लागेल. १७६२ मध्ये इंग्रजांनी हवाना जिंकून घेतलं आणि पुढच्या वर्षीच्या तहात ते परत मिळवायला स्पेनला फ्लोरिडा सोडावं लागलं. हा अपमान राजा तिसरा कार्लोस विसरला नव्हता. त्यामुळं अमेरिकेतल्या तेरा वसाहती इंग्रजांविरुद्ध उठल्या तेव्हा स्पेनला त्यांच्याबद्दल प्रेम होतं असं नाही, स्वतःच्याच एवढ्या वसाहती असलेला राजा बंडखोरांना उघड पाठिंबा देणार तरी कसा, पण इंग्रजांची कोंडी होत असेल तर ती हवीच होती. म्हणून सगळं गुपचूप. १७७६ मध्ये फ्रान्सने एका नावापुरत्या व्यापारी कंपनीमार्फत १० लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले तेव्हा स्पेननेही तेवढेच दिले. बिल्बाओचा व्यापारी दिएगो दे गार्दोकी याच्या पेढीतून बंदुका, कापड, तंबू, ब्लँकेट असा माल जहाजांवर चढत होता, वरून दिसायला साधा व्यापार. तिकडे न्यू ऑर्लिन्सहून, जे तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं, बंदुकीची दारू मिसिसिपी आणि ओहायो नदीतून पार फोर्ट पिटच्या (आजचं पिट्सबर्ग) बाजूला गेली, प्रवाहाच्या उलट, वल्ही मारत.

जून १७७९ मध्ये स्पेन उघडपणे युद्धात उतरला, तोही फ्रान्सचा मित्र म्हणून, अमेरिकेशी करार काही केला नाही. लुइझियानाचा गव्हर्नर होता बेर्नार्दो दे गाल्वेझ, तिशीच्या आसपासचा तरुण. ऐन निघायच्या वेळी चक्रीवादळाने त्याच्या बोटी बुडवल्या तरी तो थांबला नाही, सप्टेंबरात बॅटन रूज घेतलं, मार्च १७८० ला मोबिल आणि मग पेन्साकोला, ही सगळी मेक्सिकोच्या आखाताकडची इंग्रजांची ठाणी. त्याच्या फौजेत स्पॅनिश, क्युबन, आयरिश, स्वतंत्र काळे शिपाई, स्थानिक आदिवासी असे सगळे होते. पेन्साकोलाच्या खाडीत शिरायला आरमाराचा प्रमुख कचरत होता तेव्हा गाल्वेझ स्वतः एका छोट्या जहाजावर चढून तोफांच्या माऱ्यातून आत गेला, पुढे राजाने त्याच्या मानचिन्हावर 'यो सोलो' म्हणजे 'मी एकटा' हे शब्द दिले. ८ मे १७८१ ला एक गोळा नेमका इंग्रजांच्या दारूकोठारावर पडला आणि दोन दिवसांत शहर पडलं. आता या लढाया वॉशिंग्टनपासून शेकडो मैल लांब, पण इंग्रजांची दक्षिणेकडची वाट बंद झाली आणि स्पेनने इंग्रजांच्या जिब्राल्टरला घातलेल्या वेढ्यात त्यांची जहाजं अडकली ती वेगळीच. ऑगस्ट १७८० मध्ये तर स्पॅनिश आरमाराने पन्नासहून जास्त जहाजांचा इंग्रज ताफा पकडला, त्यात हिंदुस्थानकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची पाच जहाजंही होती, आणि तेव्हा इकडे कंपनीचं मराठ्यांशी युद्ध चालू होतं!

आता पैशाची गोष्ट. जुलै १७८१ मध्ये फ्रेंच अ‍ॅडमिरल द ग्रास आणि स्पेनचा दूत फ्रान्सिस्को दे सावेद्रा कॅरिबियनमध्ये भेटले. फ्रेंच बेटांच्या रक्षणाचं स्पेनने बघायचं, म्हणजे द ग्रास अख्खं आरमार घेऊन उत्तरेला जाऊ शकेल, असं ठरलं. पण फौजेला द्यायला पैसे नव्हते. सावेद्रा हवानाला गेला, तिथला सरकारी खजिनाही रिकामा, मग शहरातल्या लोकांकडूनच उसने मागितले आणि सहा तासांत ५ लाख पेसो (स्पेनची चांदीची नाणी) जमले. बायकांनी दागिने काढून दिले असं सांगतात, ती मात्र दंतकथा. ती चांदी व्हर्जिनियाला पोचली, आणि अमेरिकेतल्या फ्रेंच फौजेचा सेनापती रोशांबो याने आपल्या पेटीतले पैसे वॉशिंग्टनच्या शिपायांच्या पगाराला दिले होते ती तूटही यातूनच भरून निघाली.

मग हे विसरलं का गेलं? एकतर मदत सुरुवातीला गुप्त, कागदावर मैत्रीचा तह नाही, आणि लगेच मिसिसिपी नदीतल्या वाहतुकीवरून स्पेन आणि अमेरिकेचं भांडण सुरू झालं, त्यामुळं वॉशिंग्टनच्या बाजूने लढलेल्या फ्रेंच लाफायेतसारखा लाडका चेहरा स्पेनला मिळालाच नाही. गाल्वेझचं चित्र लावायचं अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १७८३ मध्ये ठरवलं होतं, ते संसदेच्या इमारतीत, कॅपिटॉलमध्ये, लागलं २०१४ ला.

आणि स्पेनचा पैसा म्हणतो तो तरी कुणाचा? मुख्यतः मेक्सिकोच्या खाणीतली चांदी. शिवाय १७८० मध्ये राजाने अमेरिकेतल्या आपल्या प्रजेकडून युद्धासाठी 'देणगी' मागितली, प्रत्येक स्पॅनिश माणसाने २ पेसो आणि आदिवासींनी १. देणगी फक्त नावाला. वरून तंबाखू, दारू, विक्रीवरचे कर वाढवले. न्यू ग्रॅनडात, म्हणजे आजच्या कोलंबियात, सोकोर्रो गावातले लोक याच करांवरून उठले ते १६ मार्च १७८१ ला, गाल्वेझ पेन्साकोलाच्या तोंडाशी येऊन थांबला होता त्याच आठवड्यात.