तार गिटारची, आवाज सिंथचा

सिंथ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज सिंथेसायझरसारखा करणारी पायाशी ठेवायची डबी, लावून इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की मिनीमूग या जुन्या सिंथसारखा तो जाडजूड, ‘वॉऽव’ करत उघडणारा आवाज येतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की त्या एवढ्याशा डबीत अख्खा सिंथ बसवलाय. तसं नसतं, आणि जे असतं ते मला त्याहून भारी वाटतं.

बघा, कीबोर्डवर की दाबली की सिंथला सूर कुठला ते लगेच कळतं. पेडलला मात्र कुणी काही सांगत नाही, त्याला ऐकूनच ओळखावं लागतं, आणि खरी गोम इथंच आहे. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद गेले. एखाद-दोन कंपनं ऐकल्याशिवाय सूर पक्का कळत नाही, त्यात तार छेडल्या छेडल्या आधी नुसती खरखर येते, म्हणून खालचे सूर जरा उशिरा बोलतात. कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक सूर, वाजवली तर सहा तारांची खिचडी. म्हणूनच १९७७ च्या रोलँड जीआर-५०० या गिटार-सिंथमध्ये तर प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळा घेणारा खास पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) होता.

पण त्याच दशकातल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या मायक्रो सिंथ या पेडलने सूर ओळखायच्या भानगडीत न पडता तारेची लहरच वापरली. लहर वरून-खालून सपाट कापली की स्क्वेअर वेव्ह झाली, आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या जवळ जाणारा. मग फ्लिप-फ्लॉप, म्हणजे दर लहरीला एकदा पलटणारा स्विच. चालू-बंद असं एक चक्र व्हायला दोन लहरी लागतात, म्हणून फ्रिक्वेन्सी अर्धी होते आणि सूर बरोब्बर एक सप्तक खाली येतो. सूर कुठला हे त्या सर्किटला माहीतच नसतं!

माझा सगळ्यात लाडका भाग अटॅकचा, म्हणजे सुराच्या सुरुवातीचा. तारेचा आवाज छेडताक्षणी सगळ्यात मोठा असतो आणि मग विरत जातो, आणि वाद्य कुठलं हे आपला कान बरंचसं त्या सुरुवातीवरूनच ओळखतो. अटॅकचा स्लायडर सरकवला की पेडल ती सुरुवात दाबून टाकतं, आवाज हळूहळू फुगत येतो, आणि कान चक्क फसतो. त्यावर रेझोनन्सवाला फिल्टर, म्हणजे आवाजातला एक पट्टा उठावदार करत सरकणारी चाळणी, फिरला की झालाच सिंथ.

आता बॉस एसवाय-१ सारखी डिजिटल पेडल्स साध्या पिकअपवर कॉर्डसुद्धा सांभाळतात, पण जुन्या पद्धतीचं पेडल असेल तर एकेकच सूर वाजवा, नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) निवडा आणि टोनचा नॉब कमी करा. वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे उंच उपस्वर, कमी झाले की फ्लिप-फ्लॉप नको तिथं पलटत नाही, आणि मधेच सप्तक उडी मारायचं थांबतं.