तारा मंदावला म्हणजे जोडीदार आड आला असे नव्हे

ताऱ्याचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त झाले की जोडीदार आड येत असणार, हा समज जुना आहे. अल्गोल या ताऱ्याच्या बाबतीत तो खराच. दर २.८७ दिवसांनी अंधूक जोडीदार समोर येतो आणि तेज घसरते. पण तोच न्याय सरसकट लावणे चूक. डेल्टा सेफी या ताऱ्याच्या तेजाचा आलेख पाहा: तेज दीडेक दिवसात भरभर चढते, मग चारेक दिवस रेंगाळत उतरते. ग्रहणाचा खड्डा असा एकांगी नसतो. खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्लीने १९१४ मध्ये दाखवले, की सेफीडला (डेल्टा सेफीसारख्या ताऱ्याला) जोडीदार मानला तर त्याची कक्षा चक्क ताऱ्याच्या पोटात जाते! तारा स्वतःच फुगतो-आकसतो.

पण म्हणून दुसरे टोकही गाठू नये. स्पंदन (हे फुगणे-आकसणे) आणि ग्रहण एकाच जोडीत असू शकते, आणि खरी मौज तिथेच. मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या एका जोडीत सेफीड ३.८ दिवसांत स्पंदतो, तर दोघे एकमेकांभोवती सुमारे ३१० दिवसांत फिरतात. आलेखातून दोन्ही परिणाम सुटे करावे लागतात, काम किचकटच. ग्रहणे आणि वर्णपटातून मिळालेला वेग यांवरून २०१० मध्ये त्या सेफीडचे वस्तुमान निघाले: सूर्याच्या ४.१ पट, त्रुटी जेमतेम एक टक्का. ते स्पंदनाच्या सिद्धांताशी जुळले. ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या गणितात मात्र ते जास्त धरले जात होते.