व्यापारविस्थापित कामगारांचे फेरप्रशिक्षण

परदेशी मालाच्या स्पर्धेमुळे कारखाना बसला किंवा मालकाने काम परदेशात हलवले म्हणून ज्यांची नोकरी गेली, अशा कामगारांना सरकारी खर्चाने दुसरे काम शिकवून पुन्हा रोजगाराला लावण्याची व्यवस्था. प्रशिक्षणाची फी, शिकत असतानाचा निर्वाहभत्ता, दुसऱ्या गावी नोकरी मिळाल्यास स्थलांतराचा खर्च आणि नव्या नोकरीत पगार कमी पडल्यास त्याची अंशतः भरपाई, हे तिचे नेहमीचे घटक. बेरोजगारांसाठीच्या इतर कौशल्य योजनांपासून ती एकाच गोष्टीने वेगळी पडते. नोकरी का गेली, हा प्रश्न इथे सरकार आधी विचारते आणि त्याचे उत्तर कागदावर नोंदवते.

पुण्याचा या विषयाशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. परदेशातून निघालेले काम हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत आले, आणि पिंपरीतले काम परदेशी मालापुढे टिकले नाही.

उगम आणि कार्यपद्धती

व्यापार खुला केला की फायदा साऱ्या देशात थोडाथोडा पसरतो, तोटा मात्र मोजक्या गावांवर आणि मोजक्या धंद्यांवर एकवटतो. तेव्हा ज्यांना फायदा झाला त्यांनी करातून तोटा झालेल्यांचे नुकसान भरून द्यावे, असा यामागचा युक्तिवाद. अमेरिकेत १९५४ मध्ये परराष्ट्र व्यापारधोरणावरच्या रँडल आयोगापुढे पोलाद कामगारांचे नेते डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी ही कल्पना मांडली. केनेडी सरकारच्या १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्यात तिला ‘व्यापार समायोजन साहाय्य’ या नावाने जागा मिळाली. आयातकर घटवण्यासाठी कामगार संघटनांचा पाठिंबा हवा होता, त्याची ही किंमत होती असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

किंमत कबूल झाली, चुकती होईना. नोकरी जाण्याचे प्रमुख कारण आयातवाढ आणि आयातवाढीचे प्रमुख कारण करसवलत, अशी दुहेरी साखळी कामगाराने सिद्ध करायची होती. १९६९ पर्यंत एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ च्या कायद्याने अट सैल केली आणि गर्दी उसळली. जपानी मोटारींच्या लाटेत १९८० साली पाच लाखांवर कामगारांनी भत्ता घेतला. पुढच्याच वर्षी रेगन सरकारने योजनेला कात्री लावली. तिथल्या कामगार संघटनांनी तिला ‘मयताचा विमा’ म्हणून हिणवले ते उगीच नाही. त्यांना नोकरी वाचवायची होती, हाती आली ती नोकरी गेल्यानंतरची सोय.

पद्धत साधी होती. एकाच ठिकाणचे तीन कामगार, त्यांची संघटना किंवा खुद्द मालक श्रम खात्याकडे अर्ज करी. खाते चौकशी करून त्या कारखान्यापुरता दाखला देई, आणि दाखला मिळाला की तिथल्या कमी झालेल्या प्रत्येकाला लाभाचा दरवाजा उघडे. भत्त्यासह प्रशिक्षण कमाल १३० आठवड्यांपर्यंत चाले, म्हणजे अडीच वर्षे. पन्नाशी ओलांडलेल्याने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षांत मिळून १०,००० डॉलरपर्यंत भरून मिळे. त्या वयात नवे शिकायला लावण्यापेक्षा हे अधिक माणुसकीचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सेवाक्षेत्राचा प्रश्न २००० नंतर उभा राहिला. कायदा ‘वस्तू’ बनवणाऱ्यांसाठी होता. संगणकाचा प्रोग्रॅम ही वस्तू का, यावर न्यायालयात वाद झाले. भारतात काम गेल्याने घरी बसलेले अमेरिकी प्रोग्रॅमर त्यांत होते. २००९ च्या दुरुस्तीने सेवाक्षेत्रातले कामगार उघडपणे आत घेतले. हिंजवडीत ज्याला ‘केटी घेणे’ म्हणतात, म्हणजे तिकडच्या माणसाकडून काम समजून घेऊन इकडे चालू करणे, त्याची ही न दिसणारी दुसरी बाजू. केटी देणारा पुढे फेरप्रशिक्षणाच्या वर्गात जाऊन बसे. जुलै २०२२ पासून मुदतवाढीअभावी या योजनेत नवे दाखले देणे बंद आहे.

युरोपीय संघाने २००७ पासून जागतिकीकरण समायोजन निधी चालवला. त्याने फिनलंडमधल्या सालो येथील नोकियाच्या बंद कारखान्यातल्या कामगारांनाही हात दिला. २०२१ पासून नोकरी जाण्याचे कारण कोणतेही असले तरी, साधारण २०० कामगार कमी झाले की हा निधी मागता येतो.

उपयोग किती

यावर एकमत नाही. अमेरिकी श्रम खात्यासाठी झालेल्या २०१२ च्या मूल्यमापनात असे दिसले की, योजनेत गेलेल्यांची चार वर्षांनंतरची कमाई तशाच इतर बेरोजगारांपेक्षा कमी होती; वर्गात घालवलेली वर्षे अंगावर आली. उलट अर्थतज्ज्ञ बेंजामिन हायमन यांच्या दहा वर्षांच्या हिशेबात लाभार्थींची एकूण कमाई सुमारे ५०,००० डॉलरने जास्त निघाली. किती वर्षांनी मोजता यावर उत्तर फिरते. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी चिनी आयातीचा फटका बसलेल्या जिल्ह्यांचा अभ्यास केला. तिथे फेरप्रशिक्षणाच्या योजनेपेक्षा कितीतरी जास्त सरकारी पैसा अपंगत्व, निवृत्ती आणि वैद्यकीय मदतीच्या खात्यांतून खर्च झाला होता. नोकरी गेलेला माणूस जी मदत हाताला लागते ती घेतो, असा त्याचा सरळ अर्थ.

भारतातील व्यवस्था

व्यापारामुळे नोकरी गेली असा दाखला देणारी व्यवस्था भारतात नाही. आपला कल सीमेवरच अडवण्याकडे राहिला: आयातकर, डम्पिंगविरोधी शुल्क (पडेल भावाने येणाऱ्या मालावरचा जादा कर), आणि करार झेपणार नाही असे वाटले तर त्यातून बाहेर. २०१९ च्या नोव्हेंबरात भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार करारातून असाच मागे फिरला. आत आलेल्या मालाने कोणाचे काम गेले, हे मोजण्याची सवय मात्र लागली नाही.

सर्वांत जवळ जाणारा प्रयत्न म्हणजे राष्ट्रीय नूतनीकरण निधी. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणात त्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये तो स्थापन झाला. सुधारणांचा भार कामगारावर पडू नये, त्याला नवे शिकवून दुसरीकडे लावावे, असा हेतू. प्रत्यक्षात बहुतेक पैसा केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर (व्हीआरएस) गेला. प्रशिक्षणाच्या वाट्याला उरलेसुरले आले. २००० साली निधी गुंडाळला गेला. त्यानंतर सार्वजनिक उपक्रम विभागाने समुपदेशन, फेरप्रशिक्षण आणि पुनर्नियोजनाची योजना आणली. तिचे वर्ग तीस ते साठ दिवसांचे असत. व्हीआरएस घेतलेल्याला स्वतः शिकायचे नसेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरातल्या एकाला त्याची जागा घेता येई. ही तरतूद करणाऱ्याने कामगाराचे घर पाहिलेले असावे. पंचावन्नाव्या वर्षी बाप काय शिकणार, पोराला तरी संगणक येऊ दे, हा हिशेब पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही चाळीत ऐकू येईल.

कापड गिरण्यांसाठी १९८६ पासून वेगळा पुनर्वसन निधी होता. कायमची बंद झालेल्या गिरणीच्या कामगाराला त्यातून पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मिळत. २०१७ मध्ये तो राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाला. ही योजना २००५ पासून राज्य कामगार विमा महामंडळ, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘ईएसआय’, चालवते. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली, तर ईएसआयच्या सभासदाला दोन वर्षांपर्यंत भत्ता आणि कौशल्यवाढीचे प्रशिक्षण देण्याची तिच्यात सोय आहे.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ‘कामगार पुनर्कौशल्य निधी’ आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जायची. नाव कौशल्याचे, हातात येते ती रोकड. अर्ध्या महिन्याच्या पगारात कोणता धंदा शिकता येतो, हे संहिता सांगत नाही.

या तरतुदींमध्ये एक खाच आहे आणि पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात तीच सर्वांत महत्त्वाची. स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याच्या लेखी कपात नव्हे. ज्याने व्हीआरएसच्या अर्जावर सही केली तो स्वखुशीने गेला, त्यामुळे बेरोजगारी भत्ता नाही आणि पुनर्कौशल्य निधीही नाही. मोठ्या कंपन्यांतले परमनंट कामगार मात्र बहुधा याच वाटेने बाहेर पडतात. सही करण्याआधी गेटवर काय काय बोलणे झाले, ते अर्जात कुठे येते?

परमनंट नसलेल्यांची गत आणखी वेगळी. चाकण, भोसरी, रांजणगाव इथे ‘सात महिन्यांची ऑर्डर’, म्हणजे तेवढ्यापुरती नेमणूक, आणि मग ‘ब्रेक’ ही रीत रुळलेली आहे. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्याचे संरक्षण लागू होते, म्हणून सात महिने. बाहेरच्या मालामुळे कारखान्याची मागणी घटली तर अशा कामगाराला कोणी काढत नाही. पुढची ऑर्डर निघत नाही, एवढेच. आकडेवारीत त्याची नोकरी गेलेलीच नसते.

पिंपरीचा पेनिसिलीन कारखाना

व्यापारामुळे काम जाणे म्हणजे काय, हे पुण्यात पाहायचे तर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पाहावी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर ती उभी राहिली. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला हा पहिला औषध कारखाना. पुढच्या वर्षी पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्याच प्रयोगशाळेत हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध सापडले. एच. ए. कॉलनी, एच. ए. मैदान ही नावे अजून तोंडात आहेत. भोवतीची औद्योगिक वसाहत तिच्यामागून आली.

१९९१ नंतर आयात सुटली आणि चीनमधून स्वस्त पेनिसिलीन येऊ लागले. त्या भावात ते बनवणे भारतात कोणालाच परवडेना. एकामागून एक उत्पादक थांबले. पिंपरीची कंपनी १९९७ मध्ये आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेली. मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून औषध काढण्याचे, म्हणजे किण्वनाचे, तिथले कसब तीस-तीस वर्षांत हातात बसलेले. पण शेजारची एमआयडीसी लेथ आणि प्रेसची. टाकीवरचा ऑपरेटर तिथे नवशिका ठरतो.

जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन सरकारी औषध कंपन्यांसाठी ३३०.३५ कोटी रुपये मंजूर केले; त्यांतले २८०.१५ कोटी पिंपरीचे. तिन्ही कंपन्यांची मिळून विभागणी होती १५८.३५ कोटी थकीत पगारासाठी आणि १७२ कोटी स्वेच्छानिवृत्तीसाठी. फेरप्रशिक्षण हे शीर्षकच त्या विभागणीत नव्हते. १९९२ ते २०१९ या काळात धोरणाची भाषा बरीच बदलली, पैशाची वाट तीच राहिली.

तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना हे जरा वेगळे उदाहरण. २००८ मध्ये तो सुरू झाला, २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले, पुढे केवळ निर्यातीसाठी तो चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद झाले. कारखाना चिनी ग्रेट वॉल कंपनीला विकण्याचा करार आधीच झाला होता, पण सीमेवरच्या तणावानंतर चिनी गुंतवणुकीला मंजुरी मिळाली नाही. अखेरीस तो ह्युंदाईकडे गेला. दरम्यान कामगार भरपाईसाठी झगडत राहिले. इथे आयातीने काम मारले नाही. निर्णय परदेशात झाला, खरेदीदारही परदेशी होता आणि सौदा दोन देशांच्या भांडणात अडकला. अमेरिकी पद्धतीचा दाखला अशा ठिकाणी कोणत्या रकान्यात बसला असता, हे सांगणे अवघड आहे.

शिकायचेच ठरवले तर सोयींची पुण्यात वानवा नाही. औंधचे शासकीय आयटीआय आहे, किवळ्याला कौशल्य विद्यापीठ आहे. आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. मात्र अभ्यासक्रम एक-दोन वर्षांचा, बाकावर शेजारी दहावी झालेली मुले, आणि त्या काळात घराचा हप्ता कोण भरणार याची तरतूद नाही. अमेरिकी योजनेत खरा खर्चाचा भाग हाच होता. वर्ग त्या मानाने स्वस्त.

मार्च २०२० मध्ये केंद्राने औषधांचा कच्चा माल देशात बनावा म्हणून ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना जाहीर केली. पेनिसिलीन-जी त्या यादीत होते. त्याचे उत्पादन २०२४ मध्ये देशात पुन्हा सुरू झाले ते आंध्रातल्या काकीनाड्याजवळ, एका खासगी कंपनीच्या नव्या कारखान्यात. पिंपरीत किण्वनाच्या टाक्यांवर राबलेले बहुतेक हात तोवर निवृत्त झाले होते.