काचमणी

काचमणी : काचेचा, आरपार वेज असलेला, ओवण्याजोगा लहान घटक. मंगळसूत्रातील काळी पोत, गळसरी, गाठवलेले सर, कपड्यावरचे मणीकाम असा त्याचा वापर मराठी घरात इतका परिचित आहे की त्याचे वर्णन येथे केलेले नाही. या नोंदीत हाताने घडविलेल्या काचमण्यांची प्राचीनता व घडण, आणि घडणीच्या दृष्टीने त्यांचा आजचा सोबती ठरलेल्या पॉलिमर क्लेच्या (उष्णतेने घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या कणकेच्या) मण्यांचा विचार केला आहे. साच्यात दाबून यंत्राने काढलेले मणी वगळले आहेत.

शब्द व प्राचीनता : भारतात काचमणी केव्हापासून आहेत, या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक जुने लेखक ‘काच’ या शब्दापासून आरंभ करतात. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात अश्वमेधाच्या वर्णनात राजपत्नी घोड्याच्या केसांत ‘काच’ ओवतात, असा उल्लेख येतो. या वचनावरून उत्तर वैदिक काळात काचेचे मणी वापरात होते, असा निष्कर्ष अनेकदा काढला गेला आहे. मात्र तेच वचन पुढे हे मणी सोन्याचे असल्याचे सांगते आणि त्यांची संख्या प्रत्येक ठिकाणी एकशे एक अशी देते. म्हणजे येथे ‘काच’ हा शब्द पदार्थाचा नसून ओवण्याच्या वस्तूचा, मण्याचा वाचक असावा. संस्कृत कोशांत या शब्दाचा ‘शिके’, ‘दोरीचा फास’ असाही अर्थ दिलेला आहे, आणि ओवण्या-अडकविण्याच्या कल्पनेशी तो अधिक जुळतो. काही अभ्यासक मोती असे भाषांतर करतात. परंतु सोन्याचा स्पष्ट निर्देश पाहता तेही ओढूनताणून वाटते. काचेच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून या वचनावर भार न टाकणे बरे.

कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या खजिन्यात घ्यावयाच्या रत्नांची परीक्षा सांगताना दुय्यम खड्यांची यादी येते आणि ‘शेष ते काचमणी’ असे म्हटले आहे. येथे ‘काचमणी’ म्हणजे काचेचे नकली रत्न, की केवळ हलक्या प्रतीचा खडा, यावर दुमत आहे. यादीतील स्थान पाहता दुसरा अर्थ सर्वस्वी टाकता येत नाही. तरी ‘काच’ हा शब्द तोवर मणी या अर्थाकडून पदार्थाच्या अर्थाकडे सरकला होता, असे मानण्यास हे वचन बऱ्यापैकी आधार देते. अर्थात अर्थशास्त्राचा काळच वादग्रस्त असल्याने त्यावरून शतक ठरविता येत नाही.

उत्खननांचा पुरावा शब्दांपेक्षा भरवशाचा आहे. हडप्पा संस्कृतीत चकचकीत झिलईचे फेयान्सचे (वाळूच्या भुकटीपासून भाजून केलेल्या द्रव्याचे) मणी विपुल आहेत, पण फेयान्स म्हणजे काच नव्हे. त्याचे कण पूर्ण वितळलेले नसतात. हडप्पा येथील उत्तरकालीन थरातील तांबूस काचेच्या मण्याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे, परंतु एखाददुसऱ्या मण्यावरून काच-उद्योग सिद्ध होत नाही. रंगीत करड्या मृद्भांड्यांच्या (उत्तर भारतातील लोहयुगाच्या आरंभीच्या) थरांपासून काचेच्या वस्तू अधिक नियमितपणे मिळू लागतात, आणि इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत त्यांचे प्रमाण एकदम वाढते.

या विषयाची पहिली सांगोपांग मांडणी मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केली. त्यांचा भारतीय काचेचा इतिहास मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्यासह त्यांनी कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरीचे उत्खनन केले होते, आणि मण्यांचे वर्गीकरण करण्याची त्यांची शिस्त त्यानंतरच्या महाराष्ट्रातील उत्खनन-अहवालांत दिसते. नेवासे, पैठण, तेर, भोकरदन, कौंडिण्यपूर या ठिकाणच्या सातवाहनकालीन थरांतून काचमणी मिळाले आहेत. त्यांपैकी पैठण व तेर (तगर) ही नावे पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात दख्खनच्या बाजारपेठा म्हणून येतात. याच ग्रंथात भडोचला व मलबार किनाऱ्यावर कच्ची, न घडविलेली काच आयात होत असल्याची नोंद आहे. उलट त्याच शतकातील रोमन लेखक प्लिनी भारतीय काच फुटक्या स्फटिकापासून बनते व म्हणून अतुलनीय आहे असे म्हणतो. दोन्ही विधाने एकत्र वाचली, तर भारतात काच तयारही होत होती आणि घडणीसाठी बाहेरूनही येत होती, असे चित्र उभे राहते. काच ‘बनविणे’ आणि काच ‘घडविणे’ हे दोन वेगळे उद्योग आहेत. जुन्या चर्चेत ते वारंवार एकत्र गुंफले गेल्याने गोंधळ वाढला. उत्तर प्रदेशातील कोपिया येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आलोककुमार कानुनगो यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या उत्खननाचे महत्त्व याच कारणाने आहे : तेथे प्रश्न मण्यांचा नव्हे, काच बनविण्याचा होता.

हिंद-प्रशांत मणी : एकरंगी, बहुधा ६ मिमी.पेक्षा लहान, लाल, नारिंगी, पिवळ्या, हिरव्या, निळ्या व काळ्या रंगांतील ओढीव (काचेची नळी ओढून, कापून केलेल्या) मण्यांना मण्यांचे अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी हे नाव दिले. त्याआधी त्यांना ‘व्यापारी वाऱ्यांचे मणी’ म्हणत. पूर्व आफ्रिकेपासून आग्नेय आशिया आणि कोरियापर्यंत ते सापडतात, कोरियातील राजा मुर्योंग (मृ. ५२३) याच्या थडग्यातही ते मिळाले आहेत. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू (पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांचे उत्खनन १९४५) हे त्यांचे मूळ केंद्र व तेथून कारागीर इतरत्र गेले, हे फ्रान्सिस यांचे मत दीर्घकाळ मान्य होते. पुढे रासायनिक पृथक्करणात अरिकमेडूची काच एका जातीची नसून पोटॅशयुक्त आणि सोडा-ॲल्युमिना (सोडा व ॲल्युमिना अधिक असलेली) अशा दोन्ही जातींची असल्याचे दिसले. श्रीलंकेतील गिरिबावा येथे काच बनविल्याच्या खुणाही मिळाल्या. त्यामुळे एका जन्मस्थानाऐवजी अनेक केंद्रांची कल्पना आज अधिक पटण्याजोगी आहे. कोकणातील चौल येथील नंतरच्या काळातील सोडा-ॲल्युमिना काचेच्या मण्यांत युरेनियमचे अंश जास्त व बेरियमचे कमी आढळतात. तशीच काच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळाल्याने या दोन किनाऱ्यांमधील मण्यांच्या व्यापाराला प्रयोगशाळेचा आधार मिळाला आहे.

घडणीच्या दोन रीती : हाताने केलेले काचमणी मुख्यतः दोन रीतींनी घडतात. ओढीव मण्यात आधी काचेची पोकळ नळी ओढतात आणि मग तिचे तुकडे करतात. वेज नळीबरोबरच जन्माला येते. वेढ्याच्या मण्यात मऊ काच सळईभोवती गुंडाळतात. सळई काढली की तिची जागा हेच वेज. मणी कोणत्या रीतीने झाला हे तोच सांगतो. मंगळसूत्रातील एक काळा मणी दहापट भिंगाखाली, तीव्र उजेडासमोर धरून पाहावा. प्रथम लक्षात येते की तो बहुधा काळा नसतोच. कडेला गर्द जांभळा किंवा बाटलीहिरवा उजेड झिरपतो. मग काचेतले बुडबुडे दिसतात. ते वेजाच्या दिशेने लांबट, शेवयांसारखे ओढले गेले असतील तर मणी ओढीव. वेजाला वळसा घालत असतील तर तो वेढ्याचा. उत्खननात सापडलेल्या मण्याच्या बाबतीत ही खूण रंग-आकाराच्या वर्णनापेक्षा कितीतरी मोलाची आहे, आणि जुन्या अहवालांत ती नोंदवलेली नसणे ही मोठी हानी आहे.

ओढीव मण्यांची पारंपरिक रीत आंध्र प्रदेशातील पापनायडूपेट येथे टिकून राहिली, म्हणूनच तिचे तपशील उपलब्ध आहेत. ‘लाडा’ नावाच्या पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा मोठा शंक्वाकार गोळा चढवतात व तो भट्टीत ठेवतात. नळीतून सळई आरपार घालून गोळ्याच्या मध्याशी पोकळी राखली जाते. भट्टीच्या दुसऱ्या बाजूस बसलेला कारागीर गोळ्याच्या टोकाची काच आकड्याने पकडून ओढू लागतो आणि मग हातावर हात घेत काही तास ती सलग ओढत राहतो. नळीची जाडी सांभाळणारे कोणतेही माप तेथे नसते. वेग वाढला तर नळी बारीक, मंदावला तर जाड. सारे काम हाताच्या लयीवर. नळ्यांचे तुकडे करून ते राखेत घोळवतात आणि मडक्यात घालून ढवळत तापवतात. राखेमुळे वेज बुजत नाही, मणी एकमेकांना चिकटत नाहीत आणि कापलेल्या धारा गोल होतात. ही शेवटची पायरी नीट झाली नाही तर मणी दोरा कापतो.

वेढ्याचे मणी उत्तर प्रदेशात पुर्दिलनगर व वाराणसी येथे होतात. वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आज जगभर घरगुती कारागीर वापरतात ती दिव्याच्या वा गॅसच्या ज्योतीवरची रीत (लॅम्पवर्क) याच जातीची. पोलादी सळईला केओलिन-ॲल्युमिनाचा लेप देतात, म्हणजे काच चिकटत नाही. काचकांडी ज्योतीत मऊ करून सळईवर वेढे घेतात, वर दुसऱ्या रंगाचे ठिपके वा तंतू ठेवतात आणि सळई अखंड फिरवत राहतात. फिरणे थांबले की मणी एका बाजूस ओघळतो. तापलेल्या सोडियमचा पिवळा झगमगाट शोषून घेणारा डिडिमियम काचेचा चष्मा यासाठी लागतो. तयार मणी उघड्यावर निवू दिला तर बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि मणी तडकतो, काही वेळा आठवड्यांनंतर. म्हणून सोडा-चुना काचेचे मणी सुमारे ५००°–५२०° से. तापमानावर काही काळ ठेवून भट्टीतच हळूहळू निववतात. निरनिराळ्या प्रसरणांकांच्या (तापल्यावर कमी-अधिक फुगणाऱ्या) काचा एका मण्यात मिसळत नाहीत. कारागिरांच्या भाषेत ‘१०४’ प्रसरणांकाची मऊ काच आणि ‘३३’ ची बोरोसिलिकेट काच यांचा सांधा टिकत नाही.

रंगांपैकी लाल सर्वांत अवघड. कोबाल्टने निळा आणि शिसे-कथिलाच्या संयुगाने अपारदर्शक पिवळा तुलनेने सहज मिळतो. अपारदर्शक लाल मात्र तांब्याचा, आणि तो भट्टीत प्राणवायू कमी राखला तरच उतरतो. एरवी तेच तांबे हिरवट-निळी छटा देते. प्राचीन लाल मण्यांच्या ढिगाकडे पाहताना त्यामागे आगीवरचा केवढा ताबा होता, हे ध्यानात घ्यावे.

कांडीतले चित्र व पॉलिमर क्ले : निरनिराळ्या रंगांच्या काचकांड्या जुळवून आडव्या छेदात फूल दिसेल अशी जाड कांडी करावयाची, ती तापवून लांब ओढावयाची आणि चकत्या पाडावयाच्या, ही रोमनकाळापासूनची युक्ती. व्हेनिसच्या कारागिरांनी (तेथील काचभट्ट्या १२९१ मध्ये म्युरानो बेटावर हलविल्या गेल्या) एकोणिसाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन केले, व ती ‘मिलेफिओरी’ म्हणजे ‘हजार फुले’ या नावाने प्रसिद्ध झाली. पॉलिमर क्लेचे मणी या युक्तीचे सरळ वारस आहेत.

पॉलिमर क्ले ही माती नव्हे. पीव्हीसीचे सूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे प्लॅस्टिकीकारक द्रव्य आणि रंग यांची ती कणीक असते. पाणी सुकून नव्हे, तर उष्णतेने कण एकजीव होऊन ती घट्ट होते. जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केथे क्रूझे यांच्या कन्या फिफी यांनी अशा द्रव्याचा संच तयार केला. १९६० च्या दशकात तो एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेला आणि ‘फिमो’ हे नाव रूढ झाले.

हातात मळून मऊ केलेल्या क्लेच्या पट्ट्या, वळ्या व त्रिकोणी कांड्या रचून सुमारे ५ सेंमी. व्यासाची, तितक्याच लांबीची कांडी करतात आणि ती मधून बाहेर दाबत, वळत बारीक करतात. ५ सेंमी.ची ५ मिमी. झाली तर लांबी शंभरपट, म्हणजे ५ मी. होते, आणि पाकळीची प्रत्येक रेघ त्याच प्रमाणात आकुंचित होऊनही जागेवर राहते. टोकांकडील भाग विकृत होतो. तो फेकू नये, गोळ्याच्या गाभ्यासाठी वापरतात. कांडी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली की पात्याखाली चकती दबत नाही. चकत्या गोळ्यावर बसवून तळहातात फिरवतात, सुईने वेज पाडतात आणि उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे साधारण ११०°–१३०° से. वर अर्धा तास भाजतात. घरातल्या ओटीजीचा आकडा बऱ्याचदा फसवा असतो, म्हणून आत वेगळा तापमापक ठेवणे आवश्यक. कमी भाजलेला मणी ठिसूळ राहून वेजाशी चिरतो. फार तापल्यास पीव्हीसी करपून हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो. या कामाची भांडी स्वयंपाकात वापरू नयेत.

ओवणी : महाराष्ट्रात ओवणे-गाठवणे हे पटवेकऱ्यांचे (दागिने रेशमात गाठवणाऱ्या कारागिरांचे) काम. दोन्ही जातींचे मणी एका सरात घेताना भाराचा फरक सांभाळावा लागतो. काचेची घनता २.५ च्या आसपास, क्लेची त्याहून बरीच कमी. जड मणी मध्यभागी नसतील तर सर एका अंगाला कलतो. वेढ्याच्या मण्याच्या वेजात लेपाची भुकटी राहते, ती हिऱ्याच्या कणांच्या बारीक कानशीने पाण्याखाली काढतात. कोरडी उडवली तर श्वासात जाते. काच क्लेवर ओरखडे पाडते, म्हणून दोहोंच्या मध्ये गाठ किंवा धातूची लहान चकती घालतात.