हार्वीचा गुणाकार

वैद्यकाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत जाते, आणि त्यात गैर काही नाही. मग कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने 1929 साली जुन्या वैद्यकीय पुस्तकांसाठी खास ग्रंथालय का उघडलं? पुस्तकं होती नामवंत डॉक्टर सर विल्यम ऑस्लर यांची. एमबीबीएसला ‘ऑस्लर नोड्स’ (हृदयाच्या एका संसर्गात बोटांवर येणाऱ्या दुखऱ्या गाठी) घोकलेल्यांना नाव ठाऊक असेल. ते 1919 साली वारले. सुमारे 8,000 पुस्तकं त्यांनी आपल्या या जुन्या विद्यापीठाला ठेवली. त्यांची रक्षाही तिथेच, पुस्तकांच्या सोबतीला आहे.

वैद्यकाला वळण देणारी पुस्तकं ऑस्लरनी वेगळी काढली होती. त्यातलंच एक इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वीचं, रक्त शरीरात फिरतं हे सांगणारं, 1628 सालचं. पानं फक्त 72. तोवर प्राचीन ग्रीक वैद्य गेलनचं मत चालत होतं : रक्त यकृतात अन्नापासून बनतं आणि अवयवांत जिरून संपतं. हार्वीने गुणाकार केला. हृदय एका ठोक्याला निदान अर्धा औंस, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम रक्त ढकलतं असं समजू. अर्ध्या तासात ठोके हजार. झालं 15 किलो! अंगात रक्त असतं जेमतेम पाच लिटर. एवढं रक्त दर अर्ध्या तासाला नव्याने बनवायला माणसाने खायचं तरी किती? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असणार.

गंमत म्हणजे हे आकडे फारच कमी आहेत. खरं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं, हार्वीच्या दहापट. पण त्याने मुद्दामच हात आखडता घेतला होता; कमीत कमी धरूनही गेलन टिकत नाही, हीच तर खुबी.

पुस्तकातल्या चित्रातला, दंडाला पट्टी बांधलेल्या हाताचा प्रयोग घरीही करून बघता येतो. फुगलेली शीर मनगटाकडे एका बोटाने दाबून धरा, दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारा. वरची झडप ओलांडली की रक्त खाली उतरत नाही, मधली शीर सपाटच राहते. शिरांतल्या झडपा एकाच दिशेला उघडतात, हृदयाकडे.

‘हे सगळं आमच्या ग्रंथात आधीपासून होतं’ असे फॉरवर्ड रोज येतात. असेलही, पण मग असा पडताळाही त्यासोबत पाठवा की.

धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, हे हार्वीला कधीच दिसलं नाही. 1661 साली इटलीच्या माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या अतिबारीक नळ्या, पाहिल्या. हार्वी वारून तेव्हा चार वर्षं झाली होती.