ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शन आणि १९९२ चा तो अपवाद

१९९२ च्या एप्रिलमधे अमेरिकेच्या नियामक संस्थेने सिलिकॉन जेल इम्प्लांटबद्दल एक निर्णय दिला. नुसता साइज वाढवायला हे इम्प्लांट जवळपास बंद, पण मास्टेक्टोमी, म्हणजे कॅन्सरमुळे स्तन काढायचं ऑपरेशन, झालेल्या बायकांना मिळत राहणार, फक्त एका अभ्यासात नाव नोंदवून. आज रिकन्स्ट्रक्शनबद्दल, म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी नवा आकार बनवण्याबद्दल, जे वाद ऐकू येतात, रिकॉल (बाजारातून माल परत घेणं) काय, सही करायच्या चेकलिस्ट काय, त्यातले बरेचसे धागे सोडवायला गेलं की हा निर्णय हाताला लागतो, म्हणून यावर जरा जास्त लिहितेय. त्याआधीचं भराभर सांगते.

१८९४ मधे बाल्टिमोरच्या एका सर्जनने आपल्या ऑपरेशनचे निकाल छापले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका गाठी, सगळं एकत्र काढायचं. पुढची साठ-सत्तर वर्षं हेच चाललं. वरून दुसरीकडची त्वचा-मांस आणून झाकायला या सर्जनचा विरोध होता, खाली कॅन्सर परत आला तर दिसणार नाही म्हणून. म्हणजे रिकन्स्ट्रक्शनची कल्पनाच नव्हती असं नाही. १८९५ मधे जर्मनीत एका बाईच्या कंबरेजवळची चरबीची गाठ काढून स्तनाच्या जागी बसवली होती, आणि इटलीत पाठीचा स्नायू पुढे वळवून छाती झाकायची पद्धत १९०६ पर्यंत छापून आली होती. पण मोठ्या ऑपरेशनच्या दबदब्यापुढे ती अशी विसरली गेली की १९७० च्या दशकात लोकांना जवळजवळ नव्याने शोधायला लागली.

छातीचा स्नायू ठेवून ऑपरेशन करता येतं हे लंडनहून १९४८ मधे सांगितलं गेलं, तरी जम बसायला तीसेक वर्षं गेली. अमेरिकेत तर १९७० च्या दशकापर्यंत सर्रास असं चालायचं की बायोप्सीसाठी भूल द्यायची, गाठ कॅन्सरची निघाली तर त्याच भुलीत सगळं काढून मोकळं व्हायचं. बाई शुद्धीवर आली की छातीवरच्या पट्टीला हात लावून तिला कळायचं काय झालंय ते. १९७४ मधे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने आपली मास्टेक्टोमी जाहीर केली तेव्हा यावर उघड बोलणं सुरू झालं, आणि १९७९ मधे तज्ज्ञांच्या बैठकीने बायोप्सी वेगळी आणि ऑपरेशन वेगळं अशी शिफारस केली. स्नायू ठेवायलाही तेव्हाच अधिकृत मान्यता मिळाली. हे महत्त्वाचं, कारण स्नायू आणि पुरेशी त्वचा उरल्याशिवाय खाली इम्प्लांट ठेवणार कशाच्या आधाराने.

सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट १९६२ मधे ह्यूस्टनमधे बसवलं गेलं, तेही साइज वाढवायला. कॅन्सरनंतर ते वापरायचं १९७० च्या दशकात वाढलं, पण तेव्हा सल्ला असायचा की दोन वर्षं थांबा, कुणी पाच म्हणायचं, कॅन्सर परत येत नाही ना ते बघू आणि मग. तोपर्यंत ब्रामधे भरायचं पॅड. याच सुमाराला एक्स्पांडर आला, म्हणजे त्वचा ताणायला आत ठेवून हळूहळू सलाइनने भरायची पिशवी, १९८२ मधे त्यावरचं काम छापून आलं, आणि पोटाची चरबी-त्वचा स्नायूसकट वर वळवायची पद्धतही १९८२ चीच. अशा आणलेल्या त्वचा-मांसाला फ्लॅप म्हणतात. आता ज्या डीप फ्लॅपबद्दल सगळे बोलतात, ज्यात पोटाचा स्नायू जागेवरच ठेवतात आणि बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडतात, तो १९९० च्या दशकातला.

आता १९९२ कडे.

अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांवर कायदाच १९७६ मधे आला. इम्प्लांट तेव्हा आधीपासून बाजारात होते, त्यामुळे ते सुरक्षित आहेत हे कुणी सिद्ध न करताच विकले जात राहिले. १९८८ मधे त्यांना सगळ्यात जास्त धोक्याच्या वर्गात टाकलं, १९९१ मधे कंपन्यांना सांगितलं की आता पुरावे द्या, आणि जे कागद आले ते पुरेसे वाटले नाहीत. मधल्या काळात फुटलेल्या इम्प्लांटच्या, सांधेदुखीच्या, थकव्याच्या तक्रारी टीव्हीवर आणि कोर्टात पोचल्या होत्या. १९९२ च्या जानेवारीत तात्पुरती स्थगिती, एप्रिलमधे तो निर्णय.

सुनावणीत दोन्ही बाजूंना बायकाच होत्या, दोन्हीकडे मास्टेक्टोमी झालेल्याही. एका बाजूचं म्हणणं, आमच्या छातीवर चरबीच उरलेली नाही, पातळ त्वचेखाली सलाइनचं (मिठाच्या पाण्याचं) इम्प्लांट घातलं की वरून लाटा दिसतात, हाताला कडक लागतं, तेव्हा जेल ही आमची चैन नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, फुटल्यावर जेल कुठे जातं, शरीरात काय करतं हे कुणालाच सांगता येत नसेल तर ते आधी आमच्याच अंगात का? नियामकाने मधला रस्ता काढला. धोका किती ते माहीत नाही, पण यांची गरज मोठी आहे, म्हणून यांना द्या.

ऐकायला माणुसकीचं वाटतं, आणि त्या वेळी जिला तेच हवं होतं तिच्यासाठी होतंही, मला ते नाकारायचं नाही. पण गरज मोठी असली म्हणून इम्प्लांट कमी फुटत नाही. शिवाय अट अशी की अभ्यासात नाव घातलं तरच मिळणार, म्हणजे केमोच्या तारखा सांभाळत असलेल्या बाईला जेल हवं असेल तर संमतीपत्रावर सही करणं एवढंच तिच्या हातात. एका निरोगी बाईसाठी जो धोका जास्त आहे असं म्हटलं तोच कॅन्सर झालेल्या बाईने पत्करायचा, हा हिशोब तिथे पक्का झाला आणि मला वाटतं तो नंतर कुणी फारसा मोडला नाही.

सगळ्यात मोठ्या उत्पादक कंपनीने १९९५ मधे दिवाळखोरी जाहीर केली. १९९९ मधे तज्ज्ञ समितीचा मोठा अहवाल आला, त्यात संधिवातासारख्या आजारांशी संबंध असल्याचा पटण्यासारखा पुरावा नाही असं निघालं, पण खरा त्रास स्थानिक आहे, इम्प्लांट फुटणं, भोवती शरीर जो पडदा बनवतं तो आवळून छाती दगडासारखी होणं, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा ऑपरेशन, हेही त्यातच लिहिलं होतं. बातम्यांत पहिलाच भाग आला. २००६ च्या नोव्हेंबरमधे जेल सगळ्यांसाठी परत आलं, रिकन्स्ट्रक्शनला कुठल्याही वयात आणि साइज वाढवायला २२ व्या वर्षापासून पुढे. अट एवढीच की दोन कंपन्यांनी प्रत्येकी सुमारे ४०,००० बायकांवर दहा वर्षं लक्ष ठेवायचं. २०११ च्या आढाव्यात बघितलं तर एका अभ्यासात तीन वर्षांनी माहिती मिळत होती फक्त २१ टक्के बायकांची, दुसऱ्यात दोन वर्षांनी ६० टक्के. चौदा वर्षं पुरावे पुरावे केल्यानंतर ही गत.

याच २०११ मधे पहिल्यांदा अधिकृतपणे सांगितलं गेलं की इम्प्लांटभोवती एक दुर्मिळ लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) होऊ शकतो. पहिली केस तशी १९९७ मधेच छापून आली होती. नंतर कळलं की हा प्रकार खरखरीत पृष्ठभागाच्या, म्हणजे टेक्श्चर्ड इम्प्लांटशी जोडलेला आहे. आता हे खरखरीत का केले होते? भोवतीचा पडदा आवळू नये म्हणून. आणि थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट आत फिरले तर आकार वाकडा दिसतो, ते एका जागी धरून राहावेत म्हणूनही. थेंबाचा आकार सगळ्यात जास्त कुणाला सुचवला जायचा, तर रिकन्स्ट्रक्शनवाल्यांना, कारण वरचा उतार नैसर्गिक दिसतो. एक्स्पांडरही बरेचसे खरखरीतच. म्हणजे परत त्याच बायका.

पुढचं बहुतेकींना बातम्यांतून माहीत असेल. २०१६ मधे जागतिक पातळीवर या लिम्फोमाला वेगळा आजार म्हणून मान्यता, २०१८ च्या शेवटी युरोपात एका मोठ्या ब्रँडच्या खरखरीत इम्प्लांटची विक्री थांबली, २०१९ च्या एप्रिलमधे फ्रान्सची बंदी, जुलैमधे जगभर रिकॉल. तेव्हा नोंदलेल्या केसेस ५७३, मृत्यू ३३, आणि ५७३ पैकी ४८१ त्या एकाच कंपनीच्या इम्प्लांटच्या. सूचना अशी आली की काही लक्षण नसेल तर काढायची गरज नाही, अचानक सूज किंवा पाणी साठल्यासारखं वाटलं तर दाखवा. वेळेवर सापडला तर इम्प्लांट आणि भोवतीचा पडदा पूर्ण काढून बहुतेकींचा हा आजार बरा होतो, हे खरंच आहे. पण जिने एकदा कॅन्सर काढून घेतलाय तिला "लक्षण नाही ना, मग राहू दे" हे सांगणं सोपं आणि ऐकणं अवघड. काढायचं म्हटलं तर आधीच पातळ झालेल्या त्वचेवर अजून एक ऑपरेशन, परत ड्रेन (साठलेलं पाणी बाहेर काढायची नळी), परत ती बाटली चेपून रोज किती मिली आलं ते वहीत लिहायचं. २०२१ मधे अमेरिकेत ठळक चौकटीतला इशारा आणि पेशंटने एकेक मुद्दा वाचून सही करायची चेकलिस्ट बंधनकारक झाली. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही हे त्यात स्पष्ट छापलेलं आहे. १९६२ पासून धरलं तर साठेक वर्षं लागली.

इम्प्लांट नेमकं ठेवायचं कुठे, याची तर गंमतच आहे. सुरुवातीला त्वचेखालीच ठेवायचे, पडदे आवळायला लागले म्हणून स्नायूखाली नेले. एक्स्पांडर भरताना जे होतं त्यात या स्नायूचा मोठा वाटा असतो. नर्स चुंबक फिरवून पोर्ट, म्हणजे सलाइन भरायचं तोंड, शोधते, सुई जाते तेव्हा फारसं कळत नाही कारण त्वचा बधिरच असते, साठ-सत्तर मिली सलाइन आत, आणि संध्याकाळपासून छातीला पट्टा आवळल्यासारखं, कुशीवर वळणं बंद. शिवाय कायमचा प्रकार म्हणजे जड काही उचललं की स्नायूबरोबर स्तनही उडतो. २००५ च्या आसपास प्रक्रिया केलेल्या त्वचेची जाळी आधाराला वापरायला लागले आणि मग गेल्या दहा-बारा वर्षांत इम्प्लांट परत स्नायूच्या वर आले. ती जाळी अमेरिकेत स्तनासाठी म्हणून मंजूरच नाही, आणि काही जाळ्यांमधे गुंतागुंत जास्त दिसते असा इशारा २०२१ मधे आला, तरी वापर चालूच आहे. इथेही तोच हिशोब दिसतो मला.

रिकन्स्ट्रक्शन मास्टेक्टोमीबरोबर लगेच करायचं की नंतर, या प्रश्नाचंही सरळ उत्तर नाही राहिलं, त्याला कारण रेडिएशन. १९९७ मधे डेन्मार्क आणि कॅनडाचे अभ्यास आले, काखेतल्या गाठींत कॅन्सर असेल तर मास्टेक्टोमीनंतरही रेडिएशनने जीव वाचतात असे, त्यामुळे रेडिएशन घेणाऱ्या बायका वाढल्या, नेमकं तेव्हाच जेव्हा लगेच रिकन्स्ट्रक्शनची पद्धत जम धरत होती. रेडिएशन झालेल्या छातीत इम्प्लांटचा पडदा आवळण्याचं प्रमाण बरंच जास्त, फ्लॅप त्यामानाने तग धरतो, पण तोही रेडिएशनच्या आधी केला तर आकसू शकतो. म्हणून कुणी एक्स्पांडर ठेवून वाट बघतं, कुणी सगळंच वर्षभर पुढे ढकलतं. सर्जन बदलला की सल्ला बदलतो तो यामुळे.

बायकांना काय वाटतं ते मोजायची नीट प्रश्नावली २००९ मधे आली, आणि उत्तर अमेरिकेतल्या अकरा केंद्रांचा अभ्यास २०१८ मधे. दोन वर्षांत साधारण तिघींपैकी एकीला काही ना काही गुंतागुंत. स्तनाबद्दल समाधान फ्लॅपवाल्यांत जास्त, पण गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त.

आणि काहीच नको म्हणणाऱ्या? १९९८ मधे अमेरिकेत कायदा झाला की मास्टेक्टोमीचा खर्च देणाऱ्या विम्याने रिकन्स्ट्रक्शनचा, दुसरी बाजू सारखी करण्याचा, बाहेरून लावायच्या कृत्रिम स्तनाचा आणि हाताच्या सुजेचाही खर्च द्यायचा. चांगलाच कायदा. पण हक्क मिळाला तसं "करणारच ना" हे गृहीत धरणंही वाढलं. सपाट छाती हवी असं सांगूनही "नंतर विचार बदलला तर" म्हणून जास्तीची त्वचा लोंबती ठेवल्याच्या तक्रारी येत राहिल्या. छाती नीट सपाट शिवणं ही स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून अमेरिकेच्या सरकारी कॅन्सर संस्थेच्या कोशात आली ती २०२० मधे. पुढच्याच वर्षी छापलेल्या ९३१ बायकांच्या पाहणीत ७४ टक्के सपाट छातीवर समाधानी होत्या, आणि २२ टक्के जणींनी सांगितलं की सर्जनने हा पर्याय नीट मांडला नाही, पाठिंबा दिला नाही किंवा मुद्दाम त्वचा शिल्लक ठेवली.